तिसरं प्रकरण

दाणाओळी, लष्कर, ग्वाल्हेर
४ नोव्हेंबर १९५६

सर,

मी स्टेशनवर आले नाही. सुमनवहिनी गाडी सुटेपर्यंत खिडकीतून फलाटाकडे बघत होत्या, असं प्राचार्य कृष्णरावांनी सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, शालिनीला बरं नसेल. मला बरं होतं. मी घरी बसून डाळ निवडत होते.

इतकी वर्षं तुमच्या हाताखाली संशोधन केलं, आणि तुम्ही ग्वाल्हेर सोडून भोपाळच्या नव्या सचिवालयात निघालात तेव्हा तुमची विद्यार्थिनी निरोप द्यायलाही आली नाही. याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. तोंडाने सांगायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून लिहिते आहे.

जुलैत तुमचा लेख त्या इंग्रजी त्रैमासिकात आला. तुम्ही मला तो दाखवला नाहीत. मी कॉलेजच्या वाचनालयात वाचला. पहिल्या वाचनात राग आला तो त्यात माझं नाव नव्हतं याचा. खोटं कशाला लिहू? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं ते, जवळजवळ शब्दाला शब्द. महाराजांची फौज हिंदी फौजेत मिसळली, आणि जे शिपाई निवडले गेले नाहीत ते घरी आले. त्या घरांत पुढे काय झालं, हे मी आमच्या ओळीतल्या बायकांजवळ बसून ऐकलं होतं. तुम्हाला ते वाचायला दिलं तेव्हा तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलं होतंत, 'हे वाचून जेवण गेलं नाही.' ती ओळ मी किती वेळा काढून बघितली असेल.

तो राग गेला. म्हटलं, इंग्रजी त्रैमासिक वाचतो कोण? मग दसऱ्याच्या सुमारास इथल्या एका हिंदी साप्ताहिकाने त्यातला उतारा भाषांतर करून छापला. नेमका सवाराच्या बायकोचा.

तुम्ही नाव बदललंत, हे खरं. 'श्रीमती क' केलंत. पण नवरा रोज सकाळी घोड्यावर बसायचे बूट चकचकीत करतो आणि ते घालून बाड्याच्या चौकात जाऊन उभा राहतो. तो बाहेर असेपर्यंत बायको दौलतगंजातल्या दुकानाची पोलकी शिवते. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून मशीनखाली गोधडी घालते. आणि पैसे देवासच्या भावाने पाठवले असं नवऱ्याला सांगते. एवढं सगळं तसंच्या तसं होतं. आमच्या ओळीत तसे बूट एकाच माणसाचे आहेत.

न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी ते मोठ्याने वाचायला घेतलं. दौलतसिंहकाका दाढीला बसले होते. वाचणाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, ऐकणाऱ्यांना मात्र हळूहळू उमगत गेलं. माझे वडील, आबा, बाकावर आपली पाळी यायची वाट बघत होते, त्यांनीच मला हे सांगितलं. काकांची दाढी अर्धी झाली होती. त्यांनी ती पूर्ण करून घेतली, पैसे दिले, आणि सगळ्यांना राम राम करून घरी गेले.

घरी जाऊन ते सुलोचनाकाकूंना म्हणाले, "देवासहून काही आलं?"

काकू म्हणाल्या, "नाही अजून."

"येणार नाही," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते निघून गेले. बूट खुंटीखाली ठेवून, साध्या वहाणा घालून. कुणी म्हणतं कानपूरला आहेत, कुणी म्हणतं झांशीला.

सर, मी त्या बाईला शब्द दिला होता. तो शब्द तुम्हालाही सांगितला होता, तुमच्या बैठकीत, वहिनींनी चहा आणून ठेवला होता तेव्हा. "घरातल्या माणसाच्या कानावर जाणार नाही असं मी त्यांना सांगितलंय," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "अर्थात."

काकूंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही की हे सगळं मला त्यांनीच सांगितलं होतं. लोकांना वाटतं, कॉलेजातल्या कुणा साहेबाने दुकानदाराकडून काढून घेतलं असेल. आबांनाही तसंच वाटतं. काकू मला भेटल्या की नजर खाली करतात. जणू त्यांचंच चुकलं.

इथे रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीचं सामान भोपाळसाठी ट्रकात चढतं. बाड्यावर उभं राहिलं की कपाटं जाताना दिसतात. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
शालिनी


२२ डिसेंबर १९५६

सर,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण पहिली तीन उत्तरं फाडली.

तुम्ही लिहिता, माझं नाव राहून गेलं ही चूक झाली. भोपाळच्या मुलाखतीआधी अलीकडचं काही छापलेलं हवं होतं, घाई झाली. मी ते मान्य करते. तुम्ही लिहिता, लेखाचा हेतू चांगला होता. या शिपायांना पेन्शन वाढवून मिळावी म्हणून अर्ज चालू आहेत, त्या अर्जांच्या पाठीशी कुणीतरी आकडे आणि माणसं उभी करायला हवी होती. तेही मान्य. तुमच्या मनात कुणाचं वाईट करायचं होतं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

आणि तुम्ही विचारता, आबांची समजूत घालायला मी तुमच्या घरी आलो होतो ते विसरलीस का?

विसरले नाही. आबा तेव्हा नुकतेच फौजेतून घरी आले होते. महिपतराव सुर्वे, सुभेदार, अशी पाटी दाराला होती आणि करायला काम नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, पोरीला आणखी शिकवून मी काय करू? हिच्या लग्नाची उमर निघून चालली." तुम्ही चौरंगावर बसला होतात, आमच्याकडे खुर्ची नव्हती. तुम्ही म्हणालात, "दोन-तीन वर्षं मला द्या. मग तुम्हाला हिचा अभिमान वाटेल." आबा दुसऱ्या कुणाला हो म्हणाले नसते. आज मी तुम्हाला हे पत्र ज्या भाषेत लिहिते आहे तीसुद्धा तुम्हीच घडवलीत. म्हणूनच लिहिणं जड जातं.

काल प्राचार्यांनी बोलावलं होतं. मी तुमची तक्रार केलेली नाही, हे आधी सांगते. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, ती त्यांच्यापर्यंत गेली.

कृष्णराव म्हणाले, "बेटा, गाइड आणि विद्यार्थी यांच्यात असं होतं. माझंही झालं होतं. दोघांचा मान राहील असा रास्ता काढू. तुझं नाव यायला हवं होतं, यात शंका नाही."

मी म्हणाले, "सर, मला नाव नकोय."

"आत्ता रागात म्हणतेस तसं."

"रागात नाही. मला तिसरं प्रकरण प्रबंधातून काढायचं आहे. वैशंपायन सर म्हणतात, ते काढलं तर ते प्रमाणपत्रावर सही करणार नाहीत. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जात नाही. भांडण हे आहे."

ते हसले. चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "नावाचा निकाल लागला की बाकीचं आपोआप निवळतं. बिल्कुल काळजी करू नकोस. शरच्चंद्र नाताळात भोपाळहून येतोय. माझ्या खोलीत बसू."

तुम्ही सही का करत नाही ते मला कळतं. तुम्ही लिहिलंय, 'ते प्रकरण काढलंस तर या लोकांवर काय गुदरलं याची नोंद कुठेच राहणार नाही. आपण लिहिलं नाही तर कोण लिहिणार?' त्या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. पण काकूंच्या दारावरून रोज मला जावं लागतं.

शालिनी


१० मार्च १९५७

सर,

प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. कृष्णरावांनी तोंड गोड करायला चपराशाकडून इमरती मागवली. तुम्हा दोघांना वाटलं, मिटलं. मलाही क्षणभर वाटलं.

खुलासा छापायचा असं ठरलं तेव्हा मी म्हणाले होते, "त्रैमासिकात छापा, साप्ताहिकात नको." तुम्ही म्हणालात, "का नको? तिथेही माझंच नाव आलंय. तुझा हक्क आहे, तो मी देणारच." कृष्णराव म्हणाले, "संकोच नको करूस." कागद टेबलावर होता, त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. मी कारण सांगायला लागले आणि माझं बोलणं तुटत गेलं. रडू आलं तर तुम्हाला वाटलं असतं, मुलगी भारावली. म्हणून सही केली आणि निघाले.

खुलासा गेल्या महिन्यात आला. चौकटीत. 'सदर लेखातील संपूर्ण सामग्री दाणाओळी येथील शोधछात्रा कुमारी शालिनी सुर्वे यांनी घरोघर जाऊन संकलित केली असून, त्याचे सर्व श्रेय त्यांचे आहे.' तुमच्याइतकं मोकळ्या मनाने कुणी गाइड लिहिणार नाही, असं कॉलेजात सगळे म्हणतात. लायब्ररियनने माझं अभिनंदन केलं.

इकडे ओळीत काय झालं ते लिहिते.

कुणी भांडायला आलं नाही. मला वाटलं होतं येतील. नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात आणि मला आधी पाणी भरू देतात, पाहुण्याला द्यावं तसं. शांताताईंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, आमच्याकडे बोलावणं आलं नाही. ज्या घरांत मी स्वयंपाकघरापर्यंत जात होते तिथे आता मला बाहेरच्या खोलीत बसवतात आणि पुरुषांपैकी कुणीतरी समोर येऊन बसतं. प्रत्येक घर आठवून बघतंय, आपण हिला काय काय सांगितलं.

ज्या बाईने माझं नाव झाकून ठेवलं होतं तिला आता झाकायला काही उरलं नाही. खुलासा आला त्या दिवशी मी काकूंच्या दारात गेले. त्या म्हणाल्या, "मी नव्हतं हो सांगितलं कुणाला." एवढंच म्हणाल्या, आणि काम आहे म्हणून आत गेल्या.

आबांनी साप्ताहिक आठ दिवस उशीखाली ठेवलं होतं. मग एकदा जेवताना विचारलं, "शालू, आपल्या घराचंही लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "एक सुभेदार रोज दुपारी ओट्यावर बसून पोस्टमनची वाट बघतात. फौजेकडून बोलावणं येईल असं त्यांना अजून वाटतं. पोस्टमन दिसला की उठून उभे राहतात."

आबा जेवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर लिहिलंस."

तेव्हापासून पोस्टमन यायच्या वेळी ते आतल्या खोलीत जाऊन बसतात.

सर, तुम्ही आणि कृष्णराव, तुम्ही दोघांनी मिळून एक भांडण मिटवलं. ते माझं नव्हतं. माझं काय होतं ते मला त्या खोलीत नीट सांगता आलं नाही, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

शालिनी सुर्वे


१८ ऑगस्ट १९५७

सर,

तुमचं पत्र आबांनी माझ्या हातात दिलं. पाकिटावर भोपाळचा शिक्का बघून त्यांना वाटलं, त्यांच्या अर्जाचं असेल. एका अर्थी होतंच.

तुम्ही कळवलं नसतंत तर मला ते कधी कळलं नसतं. तरीही कळवलंत. शिपायांच्या पेन्शनीचा अर्ज नामंजूर झाला, आणि नामंजुरीच्या शेऱ्यात वर कुणीतरी तुमच्याच लेखाचा आधार घेतला. 'या कुटुंबांनी, विशेषतः स्त्रियांनी, उत्पन्नाचे पर्यायी मार्ग शोधलेले असल्याने तातडीचे साहाय्य आवश्यक दिसत नाही.' तुम्ही लिहिता, 'मी हे कधीच सुचवलं नव्हतं.' मला माहीत आहे. ते प्रकरण मी लिहिलं आहे. त्यात कुठेही असं नाही. पण वाचणाऱ्याने त्यातून तेच काढलं.

आबांना मी सांगितलेलं नाही. नामंजुरी झाली एवढं बाहेरून कळेल, कारण कळणार नाही.

दौलतसिंहकाका परत आले. आषाढात आले. कानपूरला एका गोदामावर चौकीदार होते, तिथे उन्हात चक्कर येऊन पडले, मालकाने गाडीत बसवून दिलं. खूप वाळलेत. काकूंना वाटलं, आले म्हणजे सगळं ठीक झालं. त्यांनी पाट मांडला, पान वाढलं. काका म्हणाले, "तुझ्या कमाईचं मी खाणार नाही." रागाने नाही म्हणाले. शांतपणे, आधीच ठरवून आल्यासारखे. कानपूरच्या पगारातून त्यांनी एक शेगडी आणली, पातेलं आणलं. आता एका खोलीत दोन चुली आहेत. काकू खिडकीपाशी रांधतात, ते दारापाशी. त्यांना स्वयंपाक येत नाही. भात करपतो, ते करपलेला खातात, आणि काकू बघत बसतात. त्यांच्याशी ते बोलत नाहीत. घरात काही लागलं तर भिंतीकडे बघून म्हणतात.

हे मी तुम्हाला का सांगते? कारण तुम्ही विचारलंत, "शालिनी, मी काय करू म्हणजे तुझं समाधान होईल?"

माझं समाधान राहू द्या. तुम्ही एकदा इथे या. प्राचार्यांच्या खोलीत नको, दाणाओळीत. त्या खोलीत जाऊन बसा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, मला ते माहीतही नाही.

प्रमाणपत्राचं काही म्हणत नाही. मुदत डिसेंबरपर्यंत आहे, ती गेली तर जाऊ दे. शाळेत शिकवायला एम. ए. पुरतं.

शालिनी


२० जानेवारी १९५८

सर,

संक्रांतीला तुम्ही आलात. येणार नाही असं मी धरून चालले होते. भोपाळहून रजा काढून, थंडीत, रात्रीच्या गाडीने तुम्ही आलात याचं मोल मला आहे. आधी हे लिहिते, कारण पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्या पत्रात आहे, 'भेट समाधानाची झाली. मनावरचं ओझं उतरलं. दौलतसिंहांनी मोठ्या मनाने सर्व विसरायचं ठरवलं.' मी तिथेच होते. मला काय दिसलं ते सांगते.

तुम्ही आत आलात आणि नाव सांगितलंत. काका ताडकन उठले. म्हणाले, "महाराजांच्या खासगी खात्यातल्या वैशंपायनसाहेबांचे चिरंजीव आपण? त्यांच्या बग्गीपुढे मी दौडलोय." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने घरातली एकुलती खुर्ची पुसली आणि तुम्हाला बसवलं. स्वतः उभे राहिले, हात पाठीमागे घेऊन, पहाऱ्यावर उभं राहतात तसे. त्याच घडीला माझ्या लक्षात आलं की आता काही होणार नाही. तुम्ही त्यांना बसा म्हणालात. ते "जी" म्हणाले आणि उभेच राहिले.

तुम्ही म्हणालात, "तो लेख मी लिहिला होता."

"जी."

"माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. मला क्षमा मागायची आहे."

"आपण मोठे, साहेब. क्षमा कसली. लिहिलं ते खरंच होतं."

तुम्हाला तिथे बरं वाटलं. मी तुमचा चेहरा बघत होते. तुम्ही थोडे मागे टेकलात. मग काका म्हणाले, "एक विचारू, साहेब?"

"विचारा ना."

"आपलं घर दौलतगंजात होतं. तिथून दाणाओळी काही लांब नाही. पायी येता येतं. छापायच्या आधी एकदा यायचं होतं. म्हणायचं होतं, दौलतसिंह, तुझ्या घरात असं असं चाललंय. मी तापलो असतो. हिला बोललो असतो. पण घरातल्या घरात. मी ते न्हाव्याकडे ऐकलं."

मग काकांनी विषय बदलला, भोपाळची हवा कशी आहे विचारलं. हेच तुम्ही 'सर्व विसरायचं ठरवलं' असं वाचलंत. ते विसरले नाहीत, सर. समोर पाहुणा अवघडला, म्हणून त्यांनी तुम्हाला सोडवलं.

आणि पाणी. तुमच्यापुढे दोन पेले आले, एक काकूंनी ठेवला, एक काकांनी आपल्या माठातला. तुम्ही दोन्हींकडे बघितलंत आणि एकालाही हात लावला नाहीत. मीही लावला नसता.

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. काका बराच वेळ दारात उभे होते. मग भिंतीकडे न बघता, काकूंकडे बघून म्हणाले, "साहेबांचं पाणी तसंच राहिलं." काकू म्हणाल्या, "हो ना." इतकंच. पण पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा ते त्यांच्याशी बोलले. ते तुमच्या येण्यामुळे झालं. म्हणून तुम्ही आलात याचं वाईट मानू नका.

आता प्रबंधाचं. तुम्ही सुचवता, 'त्यांची परवानगी घेऊन तिसरं प्रकरण ठेवू. मी पुन्हा येऊन त्यांना विचारीन.' विचारू नका. तुम्ही विचारलंत तर ते "जी" म्हणतील. मी विचारलं तर काकू "बरं" म्हणतील. आपल्याला नाही म्हणायची त्यांना सवय नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? हे मला चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तुम्ही मला प्रश्न कसा विचारावा ते शिकवलंत. हे तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं की नाही, कोण जाणे.

मी प्रबंध नव्याने लिहिते आहे. लष्कर शहरातले धान्याचे भाव आणि मजुरी, विलीनीकरणाच्या आधी आणि नंतर. सगळे आकडे छापील अहवालांतले. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली आहे. तुम्ही सही करणार असाल तर तुमच्याच हाताखाली पुरा करीन. नसाल तर तसं कळवा, कृष्णराव दुसरा गाइड देतो म्हणाले आहेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

शालिनी


३ मे १९५९

सर,

विद्यापीठाचा कागद काल आला. पदवी मिळाली.

तुमची सही वेळेवर पोचली होती. सोबत पत्र नव्हतं. नुसतं प्रमाणपत्र, त्यावर तुमचं वळणदार इंग्रजी, आणि मागे पेन्सिलीने एक ओळ: 'तुझ्याशी सहमत नाही. तरी सही करतो.' त्या ओळीने मला फार आधार दिला. आपण दोघं एकमेकांशी सहमत नाही, हे आपल्यात पहिल्यांदाच साधं सरळ लिहिलं गेलं. गोड मिठाई नाही, डोक्यावर हात नाही. असं आधी झालं असतं तर, असं वाटून गेलं.

तोंडी परीक्षेला आग्र्याहून दोघे आले होते. त्यांच्या अहवालात आहे, 'प्रबंध निर्दोष असून सामग्री पूर्णतः विश्वसनीय आहे.' मी तो पुन्हा एकदा सबंध वाचून काढला. खरंच निर्दोष आहे. गहू, ज्वारी, चणे, गवंड्याचा रोज, विणकराचा रोज. त्यात एकही माणूस नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. फौज मोडली तेव्हा दाणाओळीत काय झालं, हे आता कुठेच लिहिलेलं नाही. जे छापलं गेलं ते एका चुकीच्या शेऱ्याच्या कामी आलं, आणि जे नीट लिहिलं होतं ते माझ्या ट्रंकेत आहे. मी ते जाळलं नाही. कुणाला दाखवणारही नाही. हे बरोबर केलं की चूक, याचा निर्णय माझा मला होत नाही. तुम्ही जवळ असतात तर आपण यावर वाद घातला असता. त्या वादाची मला कधी कधी आठवण येते.

आबा गेले. माघात. तुम्हाला कळवलं नाही, तेव्हा कुणालाच कळवावंसं वाटलं नाही. अर्जाचं कारण त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. दाराची पाटी मी काढलेली नाही.

मला उज्जैनला मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली आहे. जूनमध्ये जाईन. हे शहर सोडणाऱ्यांत आता मीही. मला स्टेशनवर पोचवायला कुणी येईल असं वाटत नाही, आणि त्याचं मी मनाला लावून घेणार नाही.

दौलतसिंहकाकांना एका बँकेत दारावर काम मिळालं. पगार झाला की ते घरात सामान भरतात, काकूंच्याही डब्यात. शेगडी अजून वेगळी आहे. भात मात्र आता करपत नाही. शिकले म्हणा, किंवा काकू लांबून सांगतात म्हणा.

काल पेढे घेऊन मी काकूंकडे गेले. खुलासा छापून आल्यापासून त्यांच्या दाराच्या आत गेले होते ती एकदाच, तुमच्याबरोबर. त्या कैऱ्या किसत बसल्या होत्या. पुडा घेतला, देवापुढे ठेवला. कशाचे, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "आज काही विचारायला आली नाहीस ना?"

"नाही, काकू."

"मग बस. ती दुसरी किसणी घे."

शालिनी